रांधणारे आणि जेवणारे

आमच्या बेळगावातील वस्तीच्या कोपऱ्यावर पूर्वी लाकडाची एक वखार होती. वखार गेली आणि दोन वर्षांपूर्वी तिच्या जागी एक उंची भोजनगृह उभे राहिले. दाराशी पितळी घंगाळात फुले तरंगत असतात, आत मंद दिवे असतात, आणि पाटीवर 'भारतीय भोजन' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. शाळेतून परतताना मी रोज त्या दारावरून जात असे. तव्यावर परतलेल्या मसाल्याचा वास येई आणि पावले किंचित मंदावत. परंतु आत शिरण्याचे धाडस कधी झाले नाही. शिक्षकाच्या खिशाला काही दरवाजे दुरूनच शोभिवंत दिसतात.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला पहिला पगार मिळाला. ती म्हणाली, "पप्पा, आपण आजीला घेऊन त्या हॉटेलात जाऊ या. बिल मी देणार." तेव्हा आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, मुलगी आणि माझी शहात्तर वर्षांची आई, रविवारी संध्याकाळी तेथे गेलो. त्या दोन तासांत जे घडले ते सांगावे, म्हणून आज आपल्यासमोर बोलत आहे.

प्रथम त्या जागेविषयी. 'रेस्टॉरंट' हा शब्द फ्रेंच आहे. थकल्या जिवाला पुन्हा उभारी देणारे, असा त्याचा मूळ अर्थ. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये हा शब्द आधी एका पौष्टिक रश्श्याला लावीत. पुढे तो रस्सा जेथे मिळे त्या जागेलाच ते नाव पडले. आपल्याकडे बाहेर जेवण्याची रीत अगदी निराळ्या वाटेने आली. आपली पंगत म्हणजे सर्वांना एकच पदार्थ, एकच क्रम आणि वर आग्रह. तेथे निवड नाही आणि किंमतही नाही. मात्र कोणी कोणाच्या शेजारी बसावे याचे नियम त्या पंगतीत फार कडक होते, हे विसरता कामा नये. दुसरी वाट खानावळीची. मुंबईच्या गिरणगावात घरदार गावी ठेवून आलेल्या हजारो कामगारांना चाळीतल्या बायका आपल्या चुलीवर रांधून जेवू घालीत. सावकाराच्या व्याजाखाली दबलेल्या या बायकांची संघटना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' या नावाने बांधली आणि त्यांना बँकांची कर्जे मिळवून दिली. तिसरी वाट उडुपी मंडळींची. माटुंग्याला ए. रामा नायक यांनी 1942 साली काढलेले भोजनालय तिचे एक ठळक उदाहरण होय. स्वच्छ ताट, ठरावीक दर आणि कोणालाही प्रवेश, ही शिस्त या मंडळींनी शहरांना लावली.

'कोणालाही प्रवेश' हे शब्द मी सहज उच्चारले. पण ते सहज मिळालेले नाहीत. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग अथवा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास तेथे मज्जाव करता येत नाही. देशाच्या मूलभूत कायद्यात उपाहारगृहाचे नाव घालावे लागले, यावरून त्या दाराआड किती अपमान साचला होता याची कल्पना येते. नागरिकशास्त्राच्या तासाला हा अनुच्छेद मी दर वर्षी शिकवितो.

तर आम्ही आत जाऊन बसलो. पदार्थांची यादी एखाद्या ग्रंथाएवढी होती. माझी मुलगी ती चाळीत होती, आणि आई चष्मा पुसून एकेक नाव मला वाचायला लावीत होती. थोड्या वेळाने ती हसून म्हणाली, "नावं चाळीस आहेत रे, पण आत टोप चारच असणार." मी आश्चर्याने तिच्याकडे पाहिले. तिने बोटांवर मोजून सांगितले : एक कांदा-टोमॅटोचा लाल रस्सा, एक लोणी-टोमॅटोचा, एक काजूचा पांढरा आणि एक पालकाचा हिरवा. सकाळीच हे रस्से शिजवून ठेवायचे. मागणी आली की त्यांत पनीर, कोंबडी किंवा भाजी टाकायची, वरून निराळी फोडणी, थोडी साय, थोडी कसुरी मेथी, की झाला निराळा पदार्थ. मोठ्या भोजनगृहाचे स्वयंपाकघर खरोखरच असे चालते. एरवी वीस टेबलांवर वीस पदार्थ पाव तासात पोचणार कसे?

आणि या 'भारतीय' रश्श्यांचे घटक तरी पाहा. मिरची, टोमॅटो, बटाटा आणि काजू ही सारी मूळची अमेरिका खंडांतील. पोर्तुगीजांच्या काळात सागरी व्यापाराच्या वाटेने ती आपल्याकडे आली. नानची गोष्टही अशीच. तंदुरी रोट्या पंजाबात पूर्वापार भाजल्या जात. पण फाळणीनंतर 1947 साली पेशावरकडून दिल्लीस आलेल्या निर्वासितांनी दर्यागंजात भोजनगृह थाटले, आणि तेथून तंदुरी कोंबडी व लोण्यात घोळलेली कोंबडी देशभर पसरली. घरदार गमावलेल्या माणसांनी एका भट्टीच्या आधाराने पुन्हा संसार उभा केला. पुढे 2024 साली, ती लोण्यातली कोंबडी मुळात कोणाच्या पूर्वसुरीने शिजविली यावरून दोन भोजनगृहे दिल्ली उच्च न्यायालयात उभी राहिली. वर्तमानपत्रात ते वाचून मी हसलो होतो. एका रश्श्यासाठी न्यायालयात जायचे! त्या रविवारी मात्र मला त्याचे हसू उरले नाही. ते का, हे आता सांगतो.

मुलीने हौसेने 'चिकन विंदालू' मागविले. ताटली आली, तिच्यात बटाट्याच्या फोडी होत्या. आईने एक फोड बाजूला सारली आणि वाढणाऱ्या मुलाला विचारले, "बाळ, ह्यात बटाटा कोणी घातला?" तो गोंधळला. म्हणाला, "आजी, नावातच आलू आहे ना!" आईने त्याला समजावून सांगितले, की तो 'आलू' बटाट्याचा नव्हे. पोर्तुगीज भाषेत 'आल्यु' म्हणजे लसूण. द्राक्षमद्यात व लसणीत मुरविलेल्या मांसाचा तो पदार्थ. गोव्यात मद्याची जागा माडाच्या शिरक्याने घेतली, आणि नाव घासत घासत विंदालू झाले. तो मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. मग आई अगदी सहज म्हणाली, "आमचे मालक मुंबईला हॉटेलात कुक होते. तीस वर्षं. त्यांनी मला शिकवलं."

श्रोतेहो, माझ्या कानशिलांवर रक्त चढले. शेजारच्या टेबलावर माझ्या एका विद्यार्थ्याचे आईवडील बसले होते. मी खाली वाकून आईला हळूच म्हणालो, "आई, पुरे. आणि चमच्यानं खा ना." ती हातानेच जेवत होती, आयुष्यभर जेवत आली तशी, पाचही बोटांची टोके जुळवून, नीटसपणे. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, हात पुसला आणि चमचा उचलला. पुढे बराच वेळ ती काही बोलली नाही.

माझी मुलगी मात्र माझ्याकडे टक लावून पाहत होती. "पप्पा," ती म्हणाली, "आजोबा कुक होते? तुम्ही तर म्हणायचात, ते कंपनीत होते."

खरे होते. मी तसेच सांगत आलो होतो. आमचे मूळ गाव बारदेशातले. वडील तरुणपणीच मुंबईस गेले आणि धोबी तलावाकडील आमच्या गावाच्या कुडीत राहू लागले. गोव्याच्या अनेक गावांनी मुंबईत आपापल्या लोकांसाठी अशा कुडी काढल्या होत्या. एका दालनात ओळीने ट्रंका मांडलेल्या, ट्रंकेजवळच अंथरूण, भिंतीशी वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची जपमाळ. जहाजांवरचे खलाशी, बँडवाले, खानसामे, आचारी अशा कितीतरी माणसांनी त्या ट्रंकांवर आपली उमर काढली. आई आम्हा भावंडांना घेऊन शिक्षणासाठी बेळगावी राहिली. महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर येई. त्या पैशातून माझी फी भरली गेली, माझी पुस्तके आली, मी शिक्षक झालो.

नाताळला मात्र वडील घरी नसत. नाताळ व नवे वर्ष हाच हॉटेलांचा गर्दीचा काळ. इतरांच्या सणाचे जेवण शिजवून ते जानेवारीत येत. आल्यावर पहिल्या रविवारी स्वतः चुलीपुढे बसत, आणि आमचा नाताळ त्या दिवशी होई. त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याची एक लांब खूण होती. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवीत असे. पुढे मोठ्या वर्गात गेलो. एकदा एका मुलाने विचारले, "तुझे वडील भांडी घासतात ना मुंबईला?" वर्ग हसला. त्या दिवसापासून माझे वडील 'कंपनीत' गेले. शाळेच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी स्वतःच्या हाताने 'नोकरी' असे लिहिले. वडिलांनी त्यावर सही केली. तो शब्द त्यांनी वाचला होता की नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही. आता विचारता येणार नाही.

मी हे सारे मुलीला तेथेच, त्या मंद दिव्यांत सांगितले. ती रागावली नाही. तिने फक्त आजीच्या हातातला चमचा काढून बाजूला ठेवला आणि स्वतःही हाताने जेवू लागली. मग माझी पत्नी. मग मी.

जेवण आटोपले. हिशेबाचा कागद आला. त्याविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. त्या श्रोत्यांच्या उपयोगी पडतील. पदार्थांची किंमत झाली होती 2,840 रुपये. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क म्हणून 284 रुपये आपोआप जोडलेले होते, आणि त्या एकूण 3,124 रुपयांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर. हा कर कायद्याचा आहे, तो द्यावाच लागतो. सेवाशुल्क मात्र कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगितले, की भोजनगृहांनी ते हिशेबात आपोआप जोडू नये. दुसऱ्या नावाखालीही घेऊ नये. देणे न देणे ग्राहकाच्या खुशीवर राहील. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी ही तत्त्वे उचलून धरली. आपण नम्रपणे सांगितले तर ती रक्कम वगळून द्यावी लागते. न वगळल्यास 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. मी सांगितले. व्यवस्थापकांनी थोडे तोंड वाकडे केले. पण नवा कागद आणला. 2,840 अधिक कराचे 142, एकूण 2,982 रुपये.

मी मनात म्हणालो, वाचले तीनशे रुपये. एवढ्यात आई म्हणाली, "आता ते तीनशे त्या पोराच्या हातात दे. नाहीतर नुसता कायदा शिकवलास." मग थोडे थांबून म्हणाली, "आणि त्याला सांग, अर्धे आत द्यायचे. आतल्यांना कोणी देत नाही."

तो मुलगा पैसे घेऊन आत गेला, आणि थोड्या वेळाने पांढरा अंगरखा घातलेला एक तरुण बाहेर आला. गढवालकडचा होता. त्याने आईला नमस्कार केला. त्याला मराठी येत नव्हते, आईचे हिंदी मोडके. तिने त्याचा हात हातात घेऊन उलटा केला. मनगटावर भाजल्याची खूण होती. ती ताजी होती. "तंदूर?" तिने विचारले. त्याने मान हलविली. "खाना खाया?" ती म्हणाली. तो हसला, म्हणाला, "बाद में, माँजी. साढ़े ग्यारह बजे." आई माझ्याकडे वळून म्हणाली, "हे पण असंच सांगायचे."

श्रोतेहो, आपण जेवणापूर्वी प्रार्थना करतो. कोणी वदनी कवळ घेताना देवाचे नाव घेतात, कोणी क्रूसाची खूण करतात, कोणी बिस्मिल्ला म्हणतात. अन्न देणाऱ्याचे स्मरण सर्वच धर्मांनी सांगितले आहे. ते शिजविणाऱ्याचे स्मरण मात्र आपल्या हातून राहून जाते. आज नव्या पद्धतीच्या भोजनगृहात त्याला शेफ म्हणतात, त्याची छायाचित्रे छापतात, ही चांगली गोष्ट आहे. एका रश्श्याच्या कर्तेपणासाठी नातवंडे न्यायालयात जातात, तेही मला आता हास्यास्पद वाटत नाही. ती माणसे आपल्या आजोबांचे नाव पाटीवर राहावे म्हणून भांडत आहेत. मी तर वडिलांचे नाव स्वतःच्या हाताने पुसले होते.

संविधानाने जेवणाऱ्यांना दार उघडून दिले. रांधणाऱ्याचा मान कोणत्याही अनुच्छेदाने देता येणार नाही. तो ताटावर बसलेल्या माणसानेच द्यावयाचा आहे. नवे वर्ष सुरू झाले की आमच्या शाळेत प्रवेशअर्ज येतात. व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढेच लिहिलेले दिसले, की आता मी मुलाला जवळ बोलावतो आणि विचारतो, "वडील नक्की काय काम करतात रे?" तो चाचरला, तर आधी माझी गोष्ट सांगतो.

माझ्या जुन्या अर्जावरील तो शब्द आता बदलता येत नाही. म्हणून, ज्या गावात मी तो लिहिला त्या गावाला ऐकू जाईल असे येथून सांगतो : माझे वडील आचारी होते. ते मुंबईच्या एका हॉटेलात तीस वर्षे रांधत होते, आणि उत्तम रांधत होते.