संग्रहालयाचे नवे दालन कोणाचे?

(वलवण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो,

शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची स्थिती, जमिनींची खरेदी-विक्री असे प्रश्न समोर उभे असताना भायखळ्याच्या एका संग्रहालयाला जोडावयाच्या इमारतीचा विषय आज कशासाठी घेतला, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मुंबईचे संग्रहालय मुंबईकर पाहून घेतील, मावळाचा त्याच्याशी संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी त्याचेच उत्तर देतो.

आपण बसलो आहोत तेथून वलवणचे धरण जवळच आहे. या तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात जाते. ते वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि तेथील विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पुढे शेजारच्या मुळशी पेट्यात धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तो लढा शेतकरी हरले, धरण झाले. मावळाने मुंबईला पाणी दिले, जमिनी दिल्या, गिरणीत राबणारी माणसेही दिली. त्या मुंबईची कहाणी जेथे सांगितली जाते, त्या घराविषयी बोलण्याचा अधिकार आपण केव्हाच कमावलेला आहे.

ते घर म्हणजे राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ साली ते ‘व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम’ या नावाने लोकांस खुले झाले. त्याच्या उभारणीसाठी खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी होते. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. मुंबई महानगरपालिका, इंटॅक ही वारसा जतन करणारी संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात २००३ साली करार झाला. जीर्णोद्धार होऊन २००८ साली संग्रहालय पुन्हा उघडले. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा-पुरस्कारही मिळाला होता. काम उत्तम झाले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

वादाचा विषय आहे तो त्यानंतरचा. जुनी इमारत अपुरी पडते म्हणून तिच्या उत्तरेस नवे दालन बांधण्याचे ठरले आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्यात आली. झाहा हदीद यांच्यासारखे जगप्रसिद्ध वास्तुविशारद तीत उतरले होते. २०१४ साली अमेरिकेचे स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला. सुमारे सव्वा लाख चौरस फुटांची पांढऱ्या काँक्रीटची वास्तू, छतातून आत उतरणारा नैसर्गिक प्रकाश आणि पावसाचे पाणी साठवणारे कुंड, अशी ती कल्पना होती. पुढील दहा वर्षांत ती कागदावरून जमिनीवर उतरली नाही.

अशी योजना पुढे आली की दोन प्रकारचे आवाज उठतात. एक म्हणतो, जुन्या शिल्पाशेजारी हे विलायती काँक्रीट कशाला? दुसरा म्हणतो, शहर जागतिक दर्जाचे करावयाचे तर असेच बांधले पाहिजे. माझे म्हणणे असे की हे दोन्ही आवाज आपले नव्हेत.

पहिल्याचा विचार करू. ज्या जुन्या इमारतीच्या पावित्र्याची भाषा आपण करतो, तीही १८७२ साली विलायतीच होती. तिची शैली युरोपातून आली होती आणि नाव तर राणी व तिच्या पतीचे होते. दीडशे वर्षांत लोकांनी ती आपलीशी केली. कार्ल्याची लेणी येथून काही मैलांवरच आहेत. तेथील प्राचीन बौद्ध चैत्यासमोर एकवीरेचे देऊळ उभे आहे. मुंबई-रायगडाकडचे कोळी बांधव शतकानुशतके त्या देवीला येतात आणि लेण्याच्या छायेतच नवस फेडतात. जुन्यालगत नवे उभे राहणे आपल्या संस्कृतीला अपरिचित नाही. परका वास्तुविशारद आणि नवे रूप, एवढ्यावरून विरोध करणे समाजवाद्यांना शोभणार नाही.

दुसरा आवाज अधिक धोक्याचा आहे. ‘जागतिक दर्जा’ हे शब्द उच्चारले की प्रश्न विचारणारा मागासलेला ठरतो. या बाबतीत पॅरिसचे उदाहरण उद्बोधक आहे, कारण तेथे निर्णय घेणारे आपल्याच विचाराचे होते. समाजवादी राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा मितराँ यांनी लूव्र संग्रहालयाच्या विस्ताराचे काम १९८३ साली आय. एम. पेई यांना दिले. स्पर्धा न घेता दिले. पेई यांनी राजवाड्याच्या प्रांगणात काचेचा पिरॅमिड सुचविताच १९८४ साली वादळ उठले. तेव्हा विरोधी पक्षाचे महापौर जाक शिराक यांनी मागणी केली की त्याचा आकार जागेवर उभारून दाखवावा. १९८५ साली क्रेनच्या साहाय्याने दोर ताणून पिरॅमिडच्या कडा प्रत्यक्ष प्रांगणात उभ्या करण्यात आल्या आणि हजारो नागरिक येऊन पाहून गेले. १९८९ साली पिरॅमिड खुला झाला. आज तो पॅरिसची ओळख बनला आहे.

यातून दोन धडे मिळतात. निर्णय वरून, एका माणसाच्या मर्जीने झाला, ही त्यातील उणीव होती. वास्तू पुढे लोकांना आवडली म्हणून ती उणीव धुऊन निघत नाही, आणि निर्णय घेणारा आपला होता म्हणून तिच्यावर पांघरूण घालण्याचेही कारण नाही. दुसरा धडा त्या दोरांचा. नकाशा वाचता न येणाऱ्या माणसालाही त्या दोरांनी मत बनविता आले. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याच राजवाड्याच्या एका भागात फ्रान्सचे अर्थखाते ठाण मांडून होते. ते दुसरीकडे हलविण्यात आले आणि १९९३ साली तो भाग दालने म्हणून जनतेस खुला झाला. पिरॅमिडच्या काचेपेक्षा ही घटना मला अधिक समाजवादी वाटते.

आता भायखळ्याकडे परत येऊ. त्या संग्रहालयात मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. त्यांत मुंबईच्या निरनिराळ्या जातीजमातींची आणि धंद्यांची माणसे आहेत. कसब अप्रतिम आहे. पण त्या कपाटांत कष्टकरी माणूस साहेबाने पाहावयाचा नमुना म्हणून उभा आहे. त्याचे नाव नाही, त्याचे म्हणणे नाही. कार्ल्याच्या चैत्यात दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दान दिले, त्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. त्यांत श्रेष्ठी आहेत, यवन आहेत आणि एक सुतारही आहे. प्राचीन लेण्याने सुताराला जे दिले, ते आधुनिक संग्रहालयाने गिरणी कामगाराला दिले काय? ज्या लालबाग-परळ-भायखळ्यात १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, त्याच परिसरात हे संग्रहालय आहे. नवे दालन व्हावयाचे असेल, तर त्या संपाला तेथे भिंत मिळाली पाहिजे. मुळशीच्या सत्याग्रहाला आणि वलवणच्या पाण्यालाही मिळाली पाहिजे.

म्हणून साथींनो, अशा प्रत्येक वादात आपली भूमिका चार मागण्यांची असावी. आराखडा आणि प्रतिकृती मराठीतील माहितीसह वॉर्डावॉर्डात मांडावी. वास्तूचा आकार पॅरिसप्रमाणे जागेवर दाखवावा, आणि बागेतील किती झाडे व किती मोकळी जागा जाणार हे तेथेच लिहून लावावे. राणीची बाग हा गिरणगावच्या मुलांना मिळालेला थोडका हिरवा तुकडा आहे. त्याचा हिशेब चोख हवा. पालिकेचा पैसा किती, देणगीदारांचा किती आणि कारभारात कोणाचा शब्द चालणार, हे बांधकामापूर्वी जाहीर व्हावे. चौथी मागणी प्रवेशाची. शुल्क, वेळा आणि दारावरची वागणूक अशी असावी की कामावरून सुटलेला माणूस मुलांना घेऊन निःसंकोच आत जाईल.

या चार गोष्टी मिळाल्या, तर वास्तू पांढऱ्या काँक्रीटची असो की काळ्या बेसाल्टची, मी तिचे स्वागत करीन. त्या मिळाल्या नाहीत, तर अगदी देशी शैलीत, देशी कारागिरांनी बांधलेले दालनही मला परकेच वाटेल. येथून परतल्यावर आपापल्या गावी, आपापल्या नगरपालिकेत सार्वजनिक पैशाने जे जे बांधले जात असेल, त्याला हीच चार मापे लावून पाहा, एवढीच माझी विनंती आहे.