नावाची भाडेपावती



चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा बोनस किंवा नव्या श्रमसंहिता यांवर काही ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असणार. आम्ही विषय घेतला आहे तो इंटरनेटवरील नावांचा, म्हणजे ज्यास डोमेन म्हणतात त्यांचा. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि माहीतगार माणसांना प्रश्न विचारून झाले. तेव्हा शास्त्रीय परिभाषा आमच्याकडून मिळणार नाही. परंतु नोंदवही कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आम्ही जन्मभर विचारीत आलो आहो, आणि येथेही तोच विचारावयाचा आहे.

गिरणगावच्या चाळींत खोलीत कोण राहतो याला फारसे महत्त्व नसे. भाडेपावती कोणाच्या नावाने फाटते याला असे. वीस वर्षे राहिलेला माणूस पावतीवर दुसऱ्याचे नाव निघाल्यामुळे बिऱ्हाडासह रस्त्यावर येई. डोमेनचे तसेच आहे. लोक म्हणतात, ‘आम्ही नाव विकत घेतले.’ विकत काहीही मिळत नाही. डॉट कॉम, डॉट ऑर्ग यांसारखे नाव एका वेळी फार तर १० वर्षांच्या भाड्याने मिळते.

प्रारंभी भाडेही नव्हते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जोडलेल्या यंत्रांची यादी कॅलिफोर्नियातील एका संशोधनसंस्थेत, एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या कचेरीत ठेवली जाई. नवे यंत्र आले की कचेरीला कळवावे, त्यांनी यादीत लिहावे, आणि सर्वांनी ती यादी उतरवून घ्यावी. यंत्रे वाढली आणि यादी आवरेना. म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी आजची वाटून दिलेली पद्धत आखली. १५ मार्च १९८५ रोजी पहिले डॉट कॉम नाव नोंदले गेले. १९९५ च्या सप्टेंबरात वर्षाला ५० डॉलर आकार सुरू झाला, आणि यादीची जहागीर झाली. आज वर आयकॅन ही १९९८ साली स्थापलेली संस्था, तिच्याखाली प्रत्येक शेपटाचा नोंदवहीवाला, त्याच्याखाली नावे विकणारे अडते, आणि पुष्कळदा त्यांच्याहीखाली ‘साइट करून देतो’ म्हणणारा एखादा ठेकेदार. पोटभाडेकरूचा पोटभाडेकरू तो आपण.

आमच्या माहितीतल्या एका युनियनचे काय झाले ते सांगतो. ठेकेदाराने साइट केली आणि नाव स्वतःच्याच खात्यावर नोंदवले. पुढे बिलावरून तंटा झाला, त्याने भाडे भरले नाही. मुदत संपल्या दिवशी नाव जात नाही. अडत्याच्या मर्जीप्रमाणे सुमारे ४५ दिवसांपर्यंत सवलत असते, मग ३० दिवस जबर आकार भरून सोडवता येते, शेवटचे ५ दिवस काहीच करता येत नाही, आणि मग ते ज्याने प्रथम पकडले त्याचे. सुटणारी नावे पकडण्यासाठी रात्रंदिवस टपून बसलेले यंत्रांचे कळप असतात. महिन्याभराने सभासदांनी पाहिले, तो युनियनच्या नावाखाली जुगाराची जाहिरात! लोक हसले. आम्हांस हसू आले नाही. कारण नावाबरोबर टपालही जाते. मुकादमाविरुद्ध तक्रार करणाऱ्या बाईने जुन्या पत्त्यावर लिहिलेले पत्र आता नव्या धन्याला उघडता येते.

येथे एका तरुणाचा उल्लेख केला पाहिजे. तो एका कंपनीत वेब-डेव्हलपर आहे. दिवसाचे दहा तास तिकडे देतो आणि रात्री आपली लहानसहान हत्यारे घडवतो. पैसा मिळत नाही, मिळावा अशी त्याची खटपटही नाही. एक हत्यार रोज पहाटे नावांची यादी चाळते आणि मुदतीच्या ६०, ३० व ७ दिवस आधी तीन जणांना निरोप धाडते. तीन जणांना अशासाठी, की एकटा चिटणीस आजारी पडतो. दुसरे हत्यार टपाल कोणत्या यंत्राकडे वळवले आहे ते पाहते, आणि ते बदलले की ओरडते. तिसरे आपल्या नावासारखी दिसणारी नावे, ‘ओ’च्या जागी शून्य घातलेली, शोधून काढते. मात्र नाव कोणाचे, हे त्याला सांगता येत नाही. पूर्वी ते चौकशीत उघड दिसे. मे २०१८ मध्ये युरोपचा खाजगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक ठिकाणी ते झाकले गेले. तारीख दिसते, मालक दिसत नाही. सातबाऱ्यावरचे नावच पुसावे तसे!

आता कोणी म्हणेल, एवढ्याने काय होणार? नोव्हेंबर २०१९ मध्ये डॉट ऑर्गची सबंध नोंदवहीच एका खाजगी भांडवलदार कंपनीला ११३ कोटी ५० लाख डॉलरला विकण्याचे ठरले. एक कोटीहून अधिक नावे तीत, पुष्कळशी सेवाभावी संस्थांची. भाड्यावरची कमाल मर्यादा त्याच वर्षीच्या जूनअखेर उठली होती, आणि खरेदीसाठी ३६ कोटी डॉलरचे कर्ज त्या नोंदवहीच्याच माथी बसणार होते. कर्ज कोण फेडणार? अर्थात भाडेकरू. जानेवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिसला आयकॅनच्या दारात माणसे फलक घेऊन उभी राहिली. एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी विरोधाचे पत्र दिले. आणि ३० एप्रिल रोजी आयकॅनने संमती नाकारली. संप नव्हे, मोर्चाही लहानच. पण सौदा फिसकटला.

आपल्याकडे ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ मिळते, मराठीतही. आनंद आहे. तथापि पडद्यामागे ते रोमनमध्येच लिहिले जाते: एक्स, एन, दोन आडव्या रेघा, मग एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. मराठी पाटी लावून रोमनच्या खोलीत राहावयाचे, असा हा प्रकार आहे.

तो तरुण आज मागे खिडकीपाशी बसला आहे. ज्यांच्या संस्थेचे नाव आहे त्यांनी सभेनंतर त्याच्याकडे जावे. तो मुदतीची तारीख दोन मिनिटांत काढून देईल. खाते कोणाच्या नावावर आहे, ते मात्र आपल्या चिटणिसाला आपणच विचारावे.