तपासणी खरी की खोटी?



२०२० साली कोरोनाची साथ आली. तेव्हा पारावर एकच बोलणे. "एका ठिकाणी तपासलं तर रोग आहे म्हणतात, दुसरीकडे नाही म्हणतात. खरं काय मानायचं?"

ही शंका अगदीच पोकळ नव्हती. त्या वर्षी एप्रिलात चीनमधून झटपट रक्ततपासणीचे संच आले. राजस्थान सरकारने ते रोग्यांवरच पारखून पाहिले. शंभरात जेमतेम पाच वेळा उत्तर बरोबर! मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ते संच परत करायला सांगितले.

म्हणून सगळ्याच तपासण्या खोट्या, असे आम्ही म्हणणार नाही. नाकात काडी फिरवून करायच्या तपासण्या दोन. एक अर्ध्या तासात होते. तिचे नाव अँटिजेन. ती "आहे" म्हणाली तर बहुधा खरेच. "नाही" म्हणाली तर मात्र फसगत होऊ शकते. विषाणू थोडे असले की तिला दिसत नाहीत.

दुसरी आरटीपीसीआर. तिला प्रयोगशाळा लागते, वेळ लागतो, पण नजर बारीक. इतकी बारीक, की माणूस बरा झाल्यावरही मेलेल्या विषाणूंचे तुकडे तिला सापडतात. मग लोक म्हणत, "गडी शेतात राबतोय अन् कागद म्हणतो आजारी!"

आता बघा. ताप आहे, खोकला आहे, अन् झटपट तपासणी "नाही" म्हणते. असा माणूस निर्धास्त घरी जाऊन म्हाताऱ्या आईजवळ बसला, तर? म्हणूनच परिषदेने सांगितले होते, की लक्षणे असली तर दुसरी तपासणी करायचीच. (आम्ही मास्तर लोकसुद्धा एका चाचणीवर पोराला नापास करीत नसू.)