चार चाकांची पकड आणि चालकाचा विवेक

(भिंगार येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



भिंगार हे छावणीचे गाव. जवळच अहिल्यानगर येथे १९४८ साली चिलखती दलाचे केंद्र व प्रशाला स्थापन झाली, आणि १९९४ मध्ये रणगाड्यांचे संग्रहालय उभे राहिले. आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थ्यांसह ते पाहिले असेल. रणगाड्याचे प्रचंड वजन रुंद पट्ट्यांवर विभागले जाते. म्हणून मऊ जमिनीतही तो सहसा रुतत नाही. मोटारीला ही सोय नाही. तिचा प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकतो. पुढे जाणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे या चार तळहातांच्या पकडीवरच अवलंबून असतात.

आपल्या काळ्या मातीचा अनुभव सर्वांनाच आहे. पावसात डांबराची कड सोडली की एक चाक चिखलात गरगर फिरते आणि दुसरे कोरड्यावर असूनही स्तब्ध राहते. याचे कारण डिफरन्शियल. वळणावर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर कापावे लागते, यासाठी ही योजना असते. परंतु ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. चिखलातील चाकाला जेवढा जोर पेलतो, तेवढाच कोरड्यावरील चाकाच्या वाट्याला येतो.

ही उणीव ‘ट्रॅक्शन कंट्रोल’ भरून काढते. प्रत्येक चाकाजवळील संवेदक त्याची गती मोजतो. एखादे चाक वाजवीपेक्षा वेगाने फिरू लागताच यंत्रणा त्यालाच ब्रेक लावते व गरज पडल्यास इंजिनाचा जोर घटवते. त्यामुळे पकड असलेल्या चाकाला बळ मिळते. ‘ऑल-व्हील ड्राइव्ह’मध्ये इंजिनाची शक्ती चारही चाकांत विभागली जाते, एकेका टायरवरचा ताण हलका होतो आणि निसरड्या चढावर गाडी सावरून चालते.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. या यंत्रणा पकडीचा योग्य वापर करतात. नवी पकड निर्माण करीत नाहीत. ब्रेक तर साध्या मोटारीलाही चारही चाकांना असतात. म्हणून चढ सहज चढणारी गाडी उतारावर लवकर थांबेलच, असे नव्हे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यानंतर कोरड्या डांबरावर सुमारे २० मीटरमध्ये थांबते. ओल्या, निसरड्या रस्त्यावर तिला सुमारे ३५ मीटर लागतात. त्याच ओल्या रस्त्यावर वेग ४० ठेवला, तर १६ मीटर पुरतात. पाथर्डीच्या वाटेवरील करंजी घाटात पावसाळ्यात हा फरक प्राणमोलाचा ठरू शकतो.

पाण्याखाली गेलेल्या पुलाचेही तेच. सुमारे ३० सेंटिमीटर खोल वाहते पाणीही लहान मोटारीला उचलू शकते. भार उचलला गेला की टायरची पकड सुटते. मग चारही चाकांना शक्ती असून उपयोग काय?

तेव्हा शाळेच्या सहलीची गाडी ठरविताना आधी टायर पाहावेत. त्यांवर निदान १.६ मिलिमीटर खोल नक्षी असावी, असा नियम आहे. पूल पाण्याखाली जाताच ग्रामपंचायतीने दोन्ही बाजूंना अडथळे उभारावेत. आणि चालकाने घाई केली, तर त्याला ‘सावकाश’ म्हणण्याचा संकोच आपण कोणीही बाळगू नये.