मुखवटा कुणापासून?

(गेल्या वर्षीच्या उत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



विषयाचं नाव पुकारल्यावर मागच्या रांगेतल्या दोन-तीन काकांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला इथून दिसलं. काल कीर्तन, उद्या नाट्यगीतं आणि आज मध्येच हे सुपरहिरोंची गुप्त ओळख काय? पण पंधरा मिनिटं द्या. विषय पोरांचा वाटतो, आहे मात्र घरातल्या मोठ्या माणसांचा.

दिवसा साधा माणूस आणि वेळ आली की मुखवटा चढवून वीर, ही कल्पना सुपरमॅनच्या आधीची आहे. बॅरोनेस ऑर्क्झी या लेखिकेची ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’ ही कादंबरी 1905 ची. सर पर्सी नावाचा एक इंग्रज श्रीमंत, वरवर कपड्यांच्या फॅशनपलीकडे काही न कळणारा. प्रत्यक्षात तोच फ्रान्समध्ये जाऊन गिलोटीनखाली जाणाऱ्या लोकांना सोडवून आणतो. त्याची बायको मार्गारिट. तिच्याबद्दल मनात शंका आहे म्हणून तो तिलाही काही सांगत नाही. मग फ्रेंच हेर तिच्या भावाच्या जिवाची धमकी देऊन तिच्याकडून माहिती काढून घेतो, आणि ती बिचारी आपल्याच नवऱ्याला पकडायला मदत करून बसते. तो आपला नवरा आहे हे तिला ठाऊकच नसतं! म्हणजे या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्या गोष्टीतच घोळ कुठे आहे ते लिहून ठेवलंय. शत्रूपासून लपवलं ते ठीक. घरात लपवलं, तिथून खड्डा पडला.

पुढे 1919 मध्ये झोरो आला आणि जून 1938 च्या अंकात सुपरमॅन. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही क्लीव्हलँडची दोन पोरं, दोघंही बाहेरून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्यू घरांतली. त्यांनी सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरला विकले, ही वेगळीच रडकथा आहे, ती पुन्हा कधी. त्यांचा क्लार्क केंट चष्मा लावतो, अडखळत बोलतो, वर्तमानपत्राच्या कचेरीत नोकरी करतो. मी सरकारी नोकरीत आहे, त्यामुळे एक शंका मला नेहमी येते. रोज ऐन कामाच्या वेळी टेबलावरून गायब होणाऱ्या या माणसाला एकही कारणे दाखवा नोटीस कशी आली नाही? असो. त्याच्या शेजारच्या टेबलावर लुईस लेन. ती सुपरमॅनवर भाळलेली, क्लार्ककडे ढुंकून न बघणारी. ही गंमत त्यांनी पन्नासएक वर्षं ताणली. शेवटी क्लार्कने तिला लग्नाचं विचारलं, तिने होकार दिला, आणि त्यानंतर 1991 च्या अंकात तो तिला म्हणाला की मीच तो. क्रम पाहा: आधी होकार, मग खुलासा. आपल्याकडे एखाद्या स्थळाने असं केलं असतं तर बैठकीत काय झालं असतं ते मी सांगायला नको.

आता स्पायडरमॅन. ऑगस्ट 1962, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको. पीटर पार्कर हा अनाथ मुलगा बेन काका आणि मे काकूंकडे वाढलेला. एक चोर समोरून पळत असताना ‘माझं काय काम’ म्हणून तो त्याला जाऊ देतो, आणि तोच चोर पुढे बेन काकांना मारतो. त्या अपराधी भावनेतून स्पायडरमॅन उभा राहतो. काकूला मात्र सांगायचं नाही. का? तर तिचं हृदय कमकुवत आहे, धक्का सहन होणार नाही. आणि शत्रूंना आपलं नाव कळलं तर ते घरच्यांना त्रास देतील.

कारण वरवर बिनतोड वाटतं. पण पुढे काय झालं ते पाहा. 1966 मध्येच नॉर्मन ऑसबॉर्न, म्हणजे ग्रीन गॉब्लिन, या सगळ्यांत घातक शत्रूला पीटरचं नाव कळलं. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी. तिचे वडील पोलिसांतले निवृत्त कॅप्टन. 1970 च्या अंकात एका लहान मुलाला वाचवताना ते कोसळत्या दगडविटांखाली सापडतात, आणि स्पायडरमॅनच्या हातात प्राण सोडताना त्याला ‘पीटर’ म्हणून हाक मारतात, ग्वेनला सांभाळ म्हणतात. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ग्वेनला. ती वडिलांच्या मृत्यूसाठी स्पायडरमॅनला दोष देते आणि पीटरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडते. जून 1973 च्या अंकात गॉब्लिन तिला उचलून नेतो आणि पुलावरून खाली फेकतो. स्पायडरमॅन जाळं टाकून तिला धरतो, पण ती गेलेली असते. आपल्याला का मारलं हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

हिशेब मांडा. ज्याच्यापासून लपवायचं होतं त्याला ठाऊक, जिच्यासाठी लपवलं तिला नाही. ठाऊक असतं तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण सावध राहायचं, दूर जायचं की त्याच्याजवळच थांबायचं, हे तिचं तिला ठरवता आलं असतं.

इथे कुणीतरी विराटपर्व काढणार हे मला माहीत आहे. अज्ञातवास हीही गुप्त ओळखच की! पण एक फरक आहे. बृहन्नडा कोण, बल्लव कोण, सैरंध्री कोण हे त्या सहाही जणांना आपसांत ठाऊक होतं. म्हणूनच कीचकाने छळलं तेव्हा द्रौपदी रात्री मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवू शकली. बाहेर गुपित, आत उघडं. ग्वेनला जायला असा मुदपाकखाना नव्हता.

आता माझा सर्वांत आवडता अंक. 2001 मध्ये मे काकू पीटरच्या खोलीवर येते तेव्हा तो मार खाऊन झोपलेला असतो, अंगावर फाटलेला पोशाख. काकू पाहते. लेखक स्ट्रॅझिन्स्की, चित्रं धाकट्या रोमिटाची. मग 2002 च्या एका अंकात मारामारी अशी नाहीच. जवळजवळ पूर्ण अंकभर काकू आणि पुतण्या घरात बसून बोलतात. पीटर चोराची गोष्ट सांगतो, माझ्यामुळे काका गेले म्हणतो. आणि काकू काय सांगते? त्या रात्री आमचं भांडण झालं होतं, म्हणून ते घराबाहेर पडले, म्हणजे माझ्यामुळे गेले. वाचकांच्या हिशेबाने चाळीस वर्षं एका घरातली दोन माणसं एकाच मृत्यूचा दोष आपापल्या जागी, एकट्याने वाहत होती. आणि ती काकू, जिला धक्का सहन होणार नव्हता, ती चांगली खंबीर निघाली.

या अंकाबद्दल बोलताना मला आपली घरं दिसतात. शुगरची गोळी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवणारे वडील. नोकरी गेल्यावरही रोज डबा घेऊन वेळेवर निघणारा मुलगा. गाठ लागलीय हे ‘लग्न उरकू दे मग बघू’ म्हणून दोन महिने न बोलणारी आई. ‘घरच्यांना कशाला काळजी’ हे वाक्य आपण किती प्रेमाने म्हणतो! आणि शेजारच्या काकांना, बँकेतल्या मित्राला, मेडिकलवाल्याला सगळं माहीत असतं.

कंपनीला मात्र ते उघडं घर फार दिवस परवडलं नाही. 2006 मध्ये पीटरने साऱ्या जगासमोर मुखवटा काढला आणि 2007 मध्ये एका सैतानी सौद्याने ते गुपित पुन्हा बंद केलं. लग्नही पुसून टाकलं. मला ते अजिबात पटलं नाही. गुपित परत आल्यावर पुढचे अंक काढणं सोपं होतं, एवढंच मला त्यात दिसतं.

आता समोरची पोरं चुळबुळ करायला लागलीत, तेव्हा शेवटचं त्यांच्यासाठी. इंदूरला माझ्या वयाची पोरं हिंदी कॉमिक्स भाड्याने आणून वाचायची. त्यात अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव होता. ना मुखवटा, ना दैवी शक्ती. तो कोण हे सगळ्या राजनगरला ठाऊक, घरच्यांनाही ठाऊक. त्याला वाढवणारे वडील पोलीस अधिकारी, त्यांची मुलगी श्वेता ही त्याची मानलेली बहीण. या एका घरात काही लपलेलं नाही असं वाटतं ना? तर ऐका. राजनगरात ध्रुवच्या मदतीला मुखवटा घालून एक मुलगी येते, चंडिका. ती कोण याचा ध्रुवला पत्ता नसतो. ती श्वेता असते.