शी धरून ठेवणारं मूल हट्टी नसतं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात महिला मंडळाने आपल्या सभागृहात आरोग्यविषयक भाषणे ठेवली होती. त्यांपैकी, बालविभागातून निवृत्त झालेल्या परिचारिका आणि बी विंगमधल्या आपल्या सर्वांच्या आजी यांच्या भाषणाचे हे शब्दांकन.)



मी विषय सांगितला तेव्हा आपल्या सेक्रेटरींनी हळूच विचारलं, “आजी, रौप्यमहोत्सवात दुसरा एखादा चांगला विषय नाही का?” मी म्हटलं, अहो, ज्या घरात दोन-अडीच वर्षांचं मूल आहे आणि त्याला चार दिवस शी झालेली नाही, त्या घरात दुसरा विषयच नसतो. सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न तोच, ऑफिसमधून फोन आला की तोच, आणि रात्री झोपताना तोच.

आता आधी माझीच चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील.

माझा नातू तेव्हा अडीच वर्षांचा होता. जूनमध्ये त्याचा प्लेग्रुप सुरू होणार होता आणि प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं की मुलाला शी-शू सांगता आली पाहिजे. झालं! मे महिन्यात आम्ही सगळे हात धुऊन त्याच्या मागे लागलो. डायपर एका दिवसात बंद. दर तासाला पॉटीवर बसवायचं. मी तर सुनेला रोज ऐकवायची, “आमच्या वेळी वर्षाची मुलं सांगायची गं.” तीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काढलेली बाई मी, मला काय कोण शिकवणार?

पहिल्या आठवड्यातच त्याला एकदा कडक शी झाली. दुखलं, रडला. त्यानंतर शी आली की तो पडद्यामागे जाऊन उभा राहायचा. पाय आवळलेले, टाचा वर, चेहरा लाल. आम्हाला वाटायचं बिचारा कुंथतोय, जोर लावतोय. तीन दिवस झाले, पाच दिवस झाले. मग मी जुना उपाय केला. साबणाची कांडी केली, सुनेला त्याचे पाय धरायला लावले आणि... पुढचं सांगत नाही. शी झाली, पण तो इतका किंचाळला की शेजारच्या वहिनी दार वाजवून विचारायला आल्या. दोन-तीनदा हेच झालं. नंतर मी बाथरूमकडे जाताना दिसले तरी तो “आजी नको, आजी नको” म्हणून पळायला लागला. सून एकदा स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडत होती. मी बघितलं, आणि तरी काही बोलले नाही.

शेवटी तीच रजा टाकून त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही बरोबर होते. डॉक्टर मला वॉर्डपासून ओळखणारे. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, “सिस्टर, दुसऱ्याच्या मुलाला तुम्ही असं केलं असतंत का?” खरं सांगते, त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावलं, आणि जे मला वॉर्डात माहीत होतं पण घरात विसरले होते, ते आज तुमच्यासमोर मांडते.

पहिली गोष्ट. पडद्यामागे उभं राहून लाल होणारं मूल बहुतेक वेळा शी करायचा प्रयत्न करत नसतं, ते शी आत धरून ठेवत असतं. पाय आवळणं, चवड्यांवर उभं राहणं, कोपऱ्यात लपणं, ही शी रोखायची धडपड असते. एकदा दुखलं की ते मनाशी ठरवतं, आता नाहीच करायची. आत राहिलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं. ती आणखी मोठी आणि कडक होते. मग बाहेर येताना आणखी दुखतं, आणि पुढच्या वेळी मूल आणखी घट्ट धरून ठेवतं. हे चक्र आहे. यात हट्ट कुठेच नाही, भीती आहे. भीतीवर रागावून काय होणार?

फार दिवस असं चाललं की शी साठायची जागा ताणून मोठी होते आणि शी आल्याची जाणीवच कमी होते. मग कडक गोळ्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते. घरच्यांना वाटतं, जुलाब लागले! ते जुलाबाचं औषध देतात आणि कोठा आणखी घट्ट होतो. किंवा “मुद्दाम चड्डीत करतो” म्हणून मार बसतो. अहो, त्या मुलाला ते कळतच नसतं.

हा त्रास सुरू होण्याच्या वेळाही ठरलेल्या असतात: वरचं खाणं सुरू होताना, पॉटीची सवय लावताना आणि शाळेत जायला लागल्यावर. म्हणून यात आई कमी पडली असं कोणी म्हणू नये. मी म्हटलं होतं, म्हणून सांगते.

आता आम्ही काय केलं ते ऐका.

डॉक्टरांनी पहिलं काम सांगितलं ते पॉटीची शिकवणी थांबवायचं. आधी शी मऊ होऊ दे, न दुखता होऊ दे, बाकी नंतर. शी डायपरमध्ये करायची तर डायपरमध्ये. मला हे फार जड गेलं, पण ऐकलं.

दुसरं औषध. शीमध्ये पाणी धरून ठेवून ती मऊ करणारी औषधं असतात, लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल. कोणतं आणि किती, हे मुलाला तपासून डॉक्टरच ठरवतात. शेजारच्या मुलाची बाटली उचलून आणायची नाही. इथे सगळे एकच चूक करतात: चार दिवस शी नीट झाली की औषध बंद! ताणलेली जागा मूळ आकाराला यायला आणि मुलाची भीती जायला वेळ लागतो. निदान दोन महिने, अनेकदा त्याहून जास्त दिवस औषध लागतं आणि ते हळूहळू कमी करायचं असतं. “सवय लागेल हो” ही माझीही शंका होती. डॉक्टर म्हणाले, या औषधांनी आतड्याला सवय लागत नाही. धरून ठेवण्याची सवय लागते, ती मोडायला हे औषध.

तिसरं दूध. आमचा नातू दिवसाला चार बाटल्या दूध प्यायचा, वर बिस्किटं. पोट दुधाने भरलेलं, मग जेवणार काय आणि चोथा येणार कुठून? या वयाला दिवसाचं ४०० ते ५०० मिलिलिटर दूध पुरतं. बाटली बंद करून कप दिला. सकाळी बिस्किटांऐवजी पपई किंवा पेरूच्या फोडी, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका कुस्करून, वरणभाताबरोबर पालेभाजी, कधी ज्वारीची भाकरी दुधात न कुस्करता आमटीत. आणि पाणी. खेळायला खाली जाताना स्वतःची छोटी बाटली त्याच्याच गळ्यात. पण हेही सांगते, कोठा एकदा घट्ट बसला की नुसत्या पपईने सुटत नाही, औषध लागतंच. खाणंपिणं पुन्हा तसं होऊ नये म्हणून.

चौथं बसायची वेळ. जेवण झालं की आतड्याची हालचाल आपोआप वाढते. म्हणून जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांत बसवायचं, आणि तेही पाचच मिनिटं. शी झाली तर छान, नाही झाली तरी “शाब्बास, बसलास!” म्हणायचं. आमच्याकडे सकाळी एकाला लोकल गाठायची, एकाला आंघोळीची घाई, वर पाणी जायची वेळ. त्या धांदलीत मुलाला कुठे शी होणार? आम्ही रात्रीच्या वरणभातानंतरची वेळ ठरवली.

पाचवी गोष्ट आपल्या सोसायटीशी संबंधित आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा प्रत्येक घरात एक भारतीय पद्धतीचा संडास होता. मग आपले गुडघे गेले आणि एकेका घरात तो काढून कमोड बसला. माझ्याकडेही. आपली सोय झाली, पण लहान मुलाचे पाय तिथे लोंबकळतात. पाय अधांतरी असले की जोर कसा लावणार? आणि आत पडायची भीती वेगळीच. उकिडवं बसल्यावर जो मार्ग सरळ होतो, तो कमोडवर तसा होत नाही. मी देवघरातला जुना पाट काढला, कमोडपुढे ठेवला, वर लहान मुलांची सीट लावली. पाय पाटावर टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा जरा वर. एवढ्याने फरक पडला.

आता न करायच्या गोष्टी. साबणाची कांडी नको. तेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ नको. एरंडेल आपल्या मनाने पाजायचं नाही. एनिमा घरी द्यायचा नाही. ओरडणं, लाज वाटेल असं बोलणं, “बघ, तो बंटी कसा सांगतो” अशी तुलना करणं, हे तर नकोच.

रोज शी झालीच पाहिजे असंही नाही. एक दिवसाआड पण मऊ होत असेल तर काळजी नको. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये शीच्या सात प्रकारांचा एक तक्ता प्रसिद्ध केला, तो आज जगभर वापरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर शेळीच्या लेंड्यांसारखी शी म्हणजे कोठा घट्ट, आणि सोललेल्या पिकल्या केळ्यासारखी म्हणजे उत्तम.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं? पोट फुगलंय आणि उलट्या होतायत, ताप आहे, वजन वाढत नाही, पायात अशक्तपणा वाटतो, किंवा जन्मानंतरच्या पहिल्याच महिन्यापासून त्रास आहे. जन्मल्यावर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, तर तेही आठवणीने सांगायचं. रक्ताचा बारीक ओघळ बहुतेकदा कडक शीने पडलेल्या चिरेमुळे असतो, पण तोही दाखवून घ्यायचा.

आमच्या नातवाचं पुढे काय झालं? जूनमध्ये प्लेग्रुप सुरू झाला नाही. दिवाळीनंतर सुरू झाला. काही बिघडलं नाही. औषध पाच महिने चाललं. मधे एकदा गावाला गेल्यावर पुन्हा कोठा घट्ट झाला, पुन्हा मात्रा वाढवली, पुन्हा जमलं. मी त्याची माफी मागितली. अडीच वर्षांच्या मुलाला काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. पण मला मागायची होती. सुनेचीही मागितली. तिला नक्की कळली.

एक विनंती करून थांबते. खाली बागेत एखादं तीन वर्षांचं मूल डायपरमध्ये दिसलं तर त्याच्या आईला “अजून?” असं विचारू नका. त्या एका शब्दाने ती माऊली घरी जाऊन पोराच्या मागे लागते. त्याऐवजी म्हणा, “होईल गं, घाई करू नकोस.” आणि घरी जास्तीचा पाट असेल तर द्या.

आमचा पाट अजून बाथरूममध्येच आहे. देवघरासाठी नवीन आणला. एक दिवस मी पोथी वाचत असताना आतून हाक आली, “आजी, पाट सरकला, नीट लाव ना!” ज्या आजीला बघून तो पळत होता, तिलाच हाक मारली हो. पोथी मिटली आणि गेले.