गळते छप्पर आणि भाड्याची पावती



मी वकील नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण वखारीतल्या हमालांच्या सभांमध्ये, युनियनच्या कचेरीत आणि कायद्याची पुस्तके पुन्हा पुन्हा वाचण्यात झाले. तेव्हा आज भाडेकरूंच्या हक्कांविषयी मी जे सांगणार आहे, ते पंडिताचे विवेचन नसून कार्यकर्त्याचा अनुभव आणि अभ्यास आहे, असे समजून ऐकावे.

आपले लोणंद हे बाजाराचे आणि रेल्वेचे गाव. कांद्याच्या हंगामात येथे बाहेरून माणूस येतो, औद्योगिक वसाहतीत कामाला येतो, पेठेत दुकान थाटतो. या माणसाला जागा लागते आणि ती तो भाड्याने घेतो. नवीन इमारती झाल्या आहेत, पण दगडमातीच्या भिंती, कौले, लाकडी जिने आणि एका रांगेत सात-आठ खोल्या, अशीही घरे पुष्कळ आहेत. घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात, अशी आपल्यात म्हण आहे. या घरांची गोष्ट उलटी आहे. येथे वासे आधी कुजतात, भिंतीला ओल चढते, जिन्याचा कठडा निखळतो, आणि मग एके दिवशी घर फिरते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने दगडमातीची भिंत किती बेभरवशाची असते, हे आपल्या जिल्ह्याला दाखवून दिले. परंतु भिंत पाडायला दरवेळी भूकंप लागतो असे नाही. दहा पावसाळ्यांची दुर्लक्षित गळती तेच काम सावकाश करते.

मालक दुरुस्ती करीत नाही तेव्हा भाडेकरू बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो गप्प बसतो, ठिकठिकाणी पातेली ठेवतो आणि पावसाळा काढतो. नाही तर तो रागावतो आणि भाडे बंद करतो. पहिल्यात जिवाला धोका आहे आणि दुसऱ्यात जागेला.

भाडे बंद करणे हे आम्हा चळवळीतल्या माणसांना फार मोह घालणारे शस्त्र आहे. 1915 साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, ग्लासगो शहरात मालकांनी भाडी वाढविली, तेव्हा मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या कामकरी बायकांनी वाढीव भाडे द्यायचे नाकारले. कारखान्यांतले मजूर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारला भाडी गोठविणारा कायदा करावा लागला. ही लढाई मोठी होती. परंतु तिच्यातून आपल्यासाठी चुकीचा धडा घेऊ नये. त्यांना कायदा मिळवायचा होता. आपल्याकडे कायदा आहे, आणि त्या कायद्याचे संरक्षण एका अटीवर उभे आहे. जो भाडेकरू रीतसर भाडे देतो, किंवा द्यायला तयार आहे, त्यालाच हे संरक्षण मिळते. भाडे थकविले, मालकाने लेखी मागणी केली आणि नव्वद दिवसांत ते दिले नाही, की दाव्याचा दरवाजा आपणच उघडून देतो. छप्पर गळते म्हणून भाडे बंद केले, तर न्यायालयात पहिला प्रश्न छपराचा निघत नाही, थकबाकीचा निघतो.

म्हणून पहिला नियम हा की भाडे वेळेवर द्या आणि पावती घ्या. पावती देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. मालक भाडे घेत नसेल तर ते बँकेमार्फत पाठवा आणि पाठविल्याचा पुरावा जपा. हमालांच्या सभेत मी नेहमी सांगतो की मजुरीची नोंद नाही तर मजुरी नाही. भाडेकरूलाही तेच लागू आहे.

आता दुरुस्तीचा कायदा पाहू. मुंबई राज्याचा 1947 चा भाडेनियंत्रण कायदा जाऊन त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 आला आणि तो 31 मार्च 2000 पासून अमलात आहे. त्याचे चौदावे कलम सांगते की विरुद्ध करार नसेल तर जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. मालकाने हयगय केली तर भाडेकरूने, किंवा अनेक भाडेकरूंनी मिळून, किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरूंनी ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. हिशेब आणि पावत्या नीट ठेवल्या असतील तर खर्चाबाबत तोच निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो.

यात दोन अडचणी आहेत. एक, ‘विरुद्ध करार नसेल तर’ हे शब्द. दुरुस्ती मी करीन असे तुम्ही करारात लिहून दिले असेल, तर हे कलम तुमच्या उपयोगी पडत नाही. सही करण्यापूर्वी कागद वाचा. दुसरी, एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त रक्कम वळती करता येत नाही.

हा कायदा प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. त्याच्या अनुसूचींत गावांची नावे आहेत आणि शासन अधिसूचनेने आणखी ठिकाणी तो लागू करू शकते. म्हणून आपल्या जागेला तो लागू आहे की नाही, हे आधी वकिलाकडून पाहून घ्यावे. लागू नसला तरी भाडेकरू उघड्यावर पडत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याचे 108 वे कलम आहे. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला आहे ती त्याने नोटिशीनंतरही केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च व्याजासह वळता करू शकतो. मात्र मालक कशाला बांधलेला आहे, हे येथे मुख्यतः करारावरून ठरते. अकरा महिन्यांच्या परवान्यावर राहणाऱ्याने तर दुरुस्ती कोणी करायची हे आधीच लिहून घ्यावे.

आता मालकाची बाजू ऐकू, कारण या सभेत मालकही बसले आहेत, आणि ते सगळेच श्रीमंत नाहीत. जुन्या कायद्याने पुष्कळ भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर धरून ठेवली होती. डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की असे कायमचे गोठविणे आता वाजवी राहिलेले नाही. 1999 च्या कायद्याने दरवर्षी चार टक्के वाढ दिली. पण ज्या खोलीचे भाडे महिना पन्नास रुपये, तिच्यावर चार टक्के म्हणजे दोन रुपये! आणि त्याच खोलीच्या भाडेकरूचा चौथा हिस्सा म्हणजे वर्षाला दीडशे रुपये. एवढ्यात गवंडी अर्धा दिवसही मिळत नाही. कायदा दोघांच्याही बाजूने बोलतो आणि दोघांच्याही हाती फारसे काही ठेवत नाही.

मग मार्ग कोणता? तोच, जो मजुरांनी मजुरीसाठी धरला. एकट्याने तक्रार करण्याऐवजी सर्वांनी मिळून वाटाघाट करावी. समजा, एका वाड्यात आठ भाडेकरू आहेत आणि प्रत्येकाचे भाडे सहाशे रुपये आहे. वर्षाचे झाले 57,600 आणि चौथा हिस्सा झाला 14,400. एवढ्यात सारा वाडा नवा होत नाही, पण कुजलेला वासा बदलतो, कौले चाळून होतात, पन्हळ बसते. शिवाय आठ सह्यांची नोटीस हातात घेऊन मालकापुढे बसले की बोलणेही निराळे होते. छप्पर तुम्ही करा, आम्ही भाडे अमुक इतके वाढवून देतो, तसा लेखी करार करू, असे म्हणता येते. जो भाडेकरू पन्नास रुपयांत पक्के छप्पर मागतो त्याने, आणि जो मालक भाडे घेऊन भिंतीकडे पाहत नाही त्यानेही, हा हिशेब मांडावा. मुंबई शहरात जुन्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. आपल्याकडे तसे मंडळ नाही. आपले मंडळ आपल्या आळीतच उभे करावे लागेल.

काही मालक मात्र वाटाघाट करीत नाहीत, वाट पाहतात. घर पडू द्यावे, म्हणजे भाडेकरू आपोआप जाईल! आणि भाडेकरू ‘घर सोडले की हक्क गेला’ या भीतीने मोडक्या तुळईखाली झोपतो. ही भीती माणसे मारते. 31 ऑगस्ट 2017 रोजी मुंबईच्या भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. ती इमारत आधीच धोकादायक ठरविलेली होती, तरी तिच्यात माणसे राहत होती.

या भीतीवर उत्तर आपल्या शेजारच्या सांगलीच्या एका प्रकरणातून मिळाले आहे. भाड्याची इमारत महानगरपालिकेने पाडली होती. इमारतच नाही तर भाडेकरू कसला, असा मालकपक्षाचा सवाल होता. जुलै 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की भाडेपट्टा केवळ भिंतींचा नसतो, त्याखालच्या जमिनीचाही असतो. म्हणून इमारत पडल्याने किंवा पाडल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. दुरुस्तीसाठी जागा रिकामी करून घेतली तर परत येण्याचा हक्कही 1999 च्या कायद्यात आहे. तेव्हा नगरपंचायतीने घर धोकादायक ठरविले तर माणसे आधी बाहेर काढा. जागेचे मोजमाप, छायाचित्रे, पावत्या, नोटिशीची प्रत जपा आणि आपला हक्क राखून ठेवत असल्याचे मालकाला व नगरपंचायतीला लेखी कळवा. हक्क कागदावर टिकतो. त्यासाठी ढिगाऱ्याखाली राहण्याची गरज नाही.

मालकाने चिडून पाणी किंवा वीज तोडली, तर 1999 च्या कायद्याखाली तो गुन्हा आहे. खर्चाची चिंता असेल तर 1987 च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना, औद्योगिक कामगारांना आणि अल्प उत्पन्नाच्या माणसांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा.

श्रोतेहो, मृग नक्षत्राला अजून काही आठवडे आहेत. पंधरा दिवस नोटिशीचे, पुढचे काही दिवस वाट पाहण्याचे, आणि मग सुताराचे व गवंड्याचे काम. हिशेब केला तर फार वेळ उरलेला नाही. म्हणून उद्या सकाळी आपल्या आळीतल्या भाडेकरूंनी एकत्र बसावे आणि काय काय मोडले आहे त्याची यादी करावी. छायाचित्रे घ्यावीत, सर्वांनी सह्या कराव्यात आणि नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवावी. या महिन्याचे भाडेही त्याच दिवशी भरावे आणि पावती मागून घ्यावी. मालकांनीही नोटीस येण्याची वाट न पाहता एकदा शिडी लावून आपले छप्पर स्वतः पाहावे. वासा शाबूत राहिला तर घर दोघांचे राहते, आणि तो मोडला तर तो खाली कोण आहे हे विचारून पडत नाही.